नोलीनचं सहावं अंडं

रॉस टोंकिननं ते अंडं खाल्लं तेव्हा त्याच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. पोटात मात्र भूक होती. सकाळपासून तो नोलीन पास्कोच्या खुराड्याची जाळी ठोकत होता. जाळी ठोकून झाली, हात धुतले, स्वयंपाकघरात आला तर घर रिकामं. नोलीन कोंबड्यांचं खाद्य आणायला गावात गेलेली. आता या घरात काही खायला रॉसला कुणाला विचारावं लागत नसे. कुंपणाला कुंपण लावून अर्धं आयुष्य काढलं की शेजारच्या घरातला चमच्यांचा खण माणूस आपलाच समजायला लागतो. खिडकीच्या कट्ट्यावर बाटलीच्या झाकणात उभं करून ठेवलेलं एक अंडं त्याला दिसलं. खरपूस भाजलेल्या पावाच्या रंगाचं, अंगावर बारीक ठिपके असलेलं, मोठं सुरेख अंडं. रॉसनं ते अर्धवट उकडलं, टोस्टला लोणी आणि वर काळं, खारट व्हेजिमाइट फासलं, टोस्टच्या पट्ट्या पिवळ्याधमक बलकात बुडवून बुडवून खाल्ल्या आणि टरफल कोंबड्यांच्या बादलीत टाकलं. खाऊन झाल्यावर त्याला एकूणच जगाबद्दल फार बरं वाटू लागलं.

मग चहाचा कप घेऊन तो पुढच्या खोलीत गेला. तिथं नोलीनचा कॉम्प्युटर चालू होता. शेजारी लाकडाच्या भुशानं भरलेली प्लेट, आणि प्लेटमध्ये पाच अंडी. पडद्यावर मात्र सहा. त्यातली पाच इतकी खरी होती की उचलून कानाशी हलवून बघावीत. सहाव्याची नुसती कड होती, खाली सावली होती, आणि मधे काहीच नव्हतं. भुशातसुद्धा सहावा खळगा होता. रिकामा.

रॉसनं पडद्याकडे पाहिलं. प्लेटकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या खिडकीकडे, तिथल्या बाटलीच्या झाकणाकडे पाहिलं. आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मिस ट्रेंगोव्ह!" तो स्वतःशीच म्हणाला.

मिस ट्रेंगोव्ह ही कोंबडी. नोलीननं उभी हयात टारवोंगा गावात शाळेची बस चालवण्यात घालवली होती, आणि त्या काळात ज्या ज्या मुख्याध्यापिकांनी तिला वेळेवरून टोचून बोलून घेतलं, त्या सगळ्यांची नावं तिनं निवृत्तीनंतर कोंबड्यांना दिली होती. "आता त्या वेळेवर येतात का बघते," असं ती म्हणायची. त्यात मिस ट्रेंगोव्ह सगळ्यात गुणी. पण शरद ऋतू लागला होता, कोंबड्या पिसं गाळायला लागल्या होत्या, आणि पिसं गाळताना कोंबडी अंडं देत नाही, मग तिचं नाव काहीही असो. मिस ट्रेंगोव्हनं या हंगामातलं शेवटचं अंडं देऊन रजा घेतली होती. ते शेवटचं अंडं, नोलीन दिवसाच्या उजेडात निरखायचं म्हणून खिडकीत ठेवून गेली होती. आणि ते आता रॉसच्या पोटात होतं.

बरं, हे नुसतं चित्रासाठीचं अंडं असतं तर रॉस हसून मोकळा झाला असता. पण या सहा अंड्यांवर टारवोंगाच्या जत्रेतलं अंड्यांचं टेबल टिकायचं की जायचं ते ठरणार होतं. आणि त्या टेबलाचा व्यवस्थापक होता, स्वतः रॉस टोंकिन.

टारवोंगाच्या शेतकी जत्रेत गाई असतात, मेंढ्या असतात, लाकूड तोडायच्या शर्यती असतात. पण ज्यांना खरी चुरस बघायची असते ते मोठ्या शेडमधल्या अंड्यांच्या टेबलापाशी येतात. प्लेटमध्ये सहा अंडी मांडायची. सहाही एका मापाची, एका आकाराची, एका रंगाची. धुवायची नाहीत, धुतलेल्या अंड्यावरची मूळची मखमल जाते आणि ते हॉटेलातल्या कपासारखं दिसू लागतं. शिवाय एक अंडं बशीत फोडून दाखवायचं. परीक्षक मर्व्ह गिलस्पी. ऐंशीच्या पुढचा, पाठीत वाकलेला, आणि अंड्याच्या बाबतीत सख्ख्या आईलाही न सोडणारा. एकदा खरंच त्यानं आईच्या प्लेटला तिसरा नंबर दिला होता, आणि त्या वर्षी नाताळचं जेवण बहिणीकडे जेवला होता.

या टेबलावर नोलीन दर वर्षी असायची. कधी दुसरी, कधी तिसरी, पहिली कधीच नाही. मग तिचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, फक्त कापतील. नोलीन म्हणाली, ठीक आहे, कापू देत. पण मागच्या वर्षीच्या जत्रेत भर शेडमध्ये, सगळ्या गावासमोर, तिच्या हातातली प्लेट निसटली आणि सहाही अंडी मर्व्हच्या बुटांवर फुटली. मर्व्हनं खाली पाहिलं आणि म्हणाला, "बलक चांगले आहेत." लोक हसले, नोलीनही हसली. पण घरी आल्यावर तिनं ती प्लेट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. रॉसला ते दिसलं होतं. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात गावातल्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. चित्रं काढायचा एक फुकटातला प्रोग्रॅम शिकवायचे. त्यात पेन्सिल चालवायचीच नसते. बिंदू ठेवायचे, बिंदूंना जोडणारी रेघ आपोआप येते, आणि प्रत्येक बिंदूला दोन्ही बाजूंनी बारीक दांड्या असतात. दांडी ओढली की रेघ वळते. शिकवणारी मुलगी म्हणाली, "सोप्यापासून सुरुवात करू, अंडं काढा." सगळ्यांनी एक लंबगोल ओढला आणि फुलांकडे वळले. नोलीन आपल्या लंबगोलाकडे बघत बसली.

"हे अंडं नाही," ती म्हणाली. "ही डोकेदुखीची गोळी आहे."

तेव्हापासून ती अंड्यांतच राहिली. बाकीची मंडळी गुलाब, मांजरं, नातवांचे वाढदिवस करत बरीच पुढं गेली. नोलीननं शोधून काढलं की अंड्याला चार बिंदू पुरतात, पण ते कुठं ठेवायचे यात जन्म जातो. "बसचंच गणित आहे," ती रॉसला समजावायची. "वळण वळणावर घ्यायचं नसतं. त्याच्या आधीपासून घ्यायचं असतं. दांडी लांब ओढलीस की अंडं पेरूसारखं होतं, आखूड ठेवलीस की बटाट्यासारखं." आणि मुख्य म्हणजे बिंदू हलवायला हात लागत नाही, कीबोर्डवरची बाणाची बटणं पुरतात. एकदा दाबलं की केसभर सरकतो. "माझा हात कितीही कापू दे," नोलीन म्हणायची, "बिंदू कापत नाही."

रंगाचं प्रकरण त्याहून वरचं. रॉसला वाटे, तपकिरी अंडं म्हणजे तपकिरी रंग ओतला की झालं. नोलीन त्याला खुर्ची ओढून बसवायची. "बघ. उजेडाकडे पिवळसर. मधे खरा रंग. मग काळपट. आणि अगदी खाली, कडेला, पुन्हा उजेड. तो कुठून आला?"

"कुठून?"

"प्लेटवरून उडून. तो नसला तर अंडं टेबलावर बसत नाही, हवेत तरंगतं."

एकावर एक असे रंगांचे पातळ थर ती चढवायची, एक दुसऱ्यात विरघळेपर्यंत. मग ठिपके, प्रत्येक ठिपका वेगळा. रॉस एकदा तिला म्हणालाही होता, "अगं, एक अंडं काढ आणि बटण दाबून त्याची सहा कर की! शिवाय नियमात बसतं. सहा सारखीच तर हवी असतात."

"सारखी हवी असतात, तीच नको असतात," नोलीन म्हणाली. "आणि कोंबड्यांना काय सांगू? घरी बसा, बटण आलंय म्हणून?"

हे सगळं आपलं घरातल्या घरात चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या तालुक्यात बर्ड फ्लू आला. नोलीनच्या मुख्याध्यापिका शेडमध्ये कोंडल्या गेल्या आणि हुकूम निघाला: यंदा कुठल्याही जत्रेत पक्षी नाहीत, अंडीही नाहीत. समितीच्या बैठकीत जॅमवाल्या बायकांनी तोंडभर दुःख व्यक्त केलं आणि लगेच विचारलं, मग ते टेबल आम्हाला मिळेल का. कायमचं मिळालं तरी चालेल.

तेव्हा नोलीन उठली. "अंडी काढून आणली तर?" ती म्हणाली. "कागदावर?"

मग मर्व्ह गिलस्पी आपल्या कोपऱ्यातून बोलला. "चित्रं बघायची तर चित्रांचा परीक्षक बोलवा. मला चित्रातलं काही कळत नाही. मी अंडी बघतो."

"मग अंडी म्हणून बघ," नोलीन म्हणाली.

"अंड्यांसारखीच बघेन. उलटीपालटी करून. आणि एक फोडलेलंही हवं, नियम आहे." मर्व्हनं चष्मा पुसला. "ती अंडी आहेत असं मला एक क्षणभर जरी वाटलं, तर टेबल राहील. नाही वाटलं, तर मांडा जॅम."

म्हणून रॉसच्या पोटातलं ते अंडं इतकं जड झालं होतं.

त्यानं जे केलं ते कुठल्याही सभ्य माणसानं घाबरून केलं असतं. तो गाडी काढून दुकानात गेला, तपकिरी अंड्यांचा डबा घेतला आणि गाडीतच बसून मिस ट्रेंगोव्हच्या जवळपास जाणारं एक अंडं निवडलं. रंग जमला. आकारही जमला. फक्त त्यावर दुकानाच्या अंड्यावर असतो तसा लाल छाप होता. रॉसनं नोलीनच्याच स्वयंपाकघरात फडक्याला व्हिनेगर लावून छाप पुसला. छाप गेला, त्याबरोबर थोडा तपकिरी रंगही गेला आणि तिथं बोटाएवढा फिकट डाग राहिला. रॉसनं डाग भिंतीकडे केला आणि अंडं झाकणात उभं केलं.

नोलीन आली. पिशव्या खाली ठेवल्या. दारात उभी राहून तिनं एकदा हवेत श्वास घेतला, मग खिडकीपाशी जाऊन ते अंडं दोन्ही कापऱ्या हातांच्या ओंजळीत उचललं आणि सावकाश फिरवलं.

"हं," ती म्हणाली.

"काय गं?" रॉसनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच चिरका वाटला.

"काही नाही. जाळी झाली?"

"झाली."

"काही खाल्लंस की नाही?"

"मी? छे. भूकच नाही आज."

"हं," नोलीन पुन्हा म्हणाली, आणि अंडं घेऊन पुढच्या खोलीत गेली. डाग आपल्याकडे येईल असं तिनं ते भुशात ठेवलं हे रॉसनं पाहिलं नाही. तो तेव्हा सुटकेचा श्वास टाकण्यात गुंतला होता.

त्यानंतरचे दिवस नोलीनचे फोडलेल्या अंड्यात गेले. अंड्यातलं पांढरं हे पांढरं नसतंच, ही तिची नवी तक्रार. "पाणी काढायचं आणि ते पाणी आहे असं कुणाला वाटू द्यायचं नाही," ती म्हणायची. बशीचा पांढरा रंग त्यातून दिसायला हवा, पण बशीपेक्षा जरा दाटसर. बलक उंच उभा राहायला हवा, त्याच्या टोकावर खिडकीचा चौकोनी उजेड. आणि अजून अंडी देणाऱ्या एखाद-दुसऱ्या कोंबडीचं ताजं अंडं फोडून बशीत घेतलं की ते पसरायच्या आत नीट बघून घ्यावं लागे. पसरलेली अंडी ती केकमध्ये घालायची. रॉसच्या घरी त्या आठवड्यात तीन केक आले. प्रत्येक घास त्याला टोचला. तिन्ही त्यानं संपवले.

जत्रेच्या दिवशी अंड्यांच्या टेबलावर फक्त तीन जणांचे कागद होते. दोरीच्या मागं मात्र मागच्या वर्षीपेक्षा जास्त गर्दी. जॅमवाल्या बायका बरण्या हातात धरूनच उभ्या होत्या. नोलीननं कागद आणताना एका हातानं दुसरा हात धरला होता. कागद थरथरत टेबलापर्यंत आला, आणि नोलीननं तो खाली ठेवला. पडायला त्यात काही नव्हतंच. रॉसनं तिच्याकडे पाहिलं. नोलीन सगळ्या गावाकडे बघून मजेत हसत होती.

मर्व्ह आला. खिशातून भिंग काढलं. पहिली प्लेट डॅरिल कॉक्सची, सुनेकडून करवून घेतलेली. सहा देखणी अंडी, तंतोतंत सारखी. सहाहींच्या डाव्या गालावर तोच एक ठिपका.

"हे एकच अंडं आहे," मर्व्ह म्हणाला. "सहा मागितली होती." आणि कागद बाजूला सारला.

"अहो, पण नियमात सारखी म्हटलंय!" डॅरिल दोरीमागून ओरडला.

"मग उरलेली पाच कुठंयत?"

दुसरी प्लेट एनिड ओकडेनची. एनिड आजी ब्याण्णव वर्षांच्या, वाचनालयाच्या वर्गात दोनदाच गेलेल्या. अंडी बटाट्यासारखी होती, आणि सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडल्या होत्या, जणू खोलीत दोन सूर्य आहेत. मर्व्ह बराच वेळ बघत राहिला. "वेडीवाकडी आहेत," तो म्हणाला. "पण अशी कोंबडी मी पाहिलीय."

मग तो नोलीनच्या कागदाशी आला. भिंग डोळ्याला लावून तो एकेका अंड्यावरून सरकत गेला. खाली वाकला. कागदाला नाक लावून वास घेतला, सवयीनं. मग हात घालून त्यानं कागद उलटा केला आणि मागचा कोरा भाग बघत राहिला.

"मागं काही नाही रे, मर्व्ह," नोलीन म्हणाली.

मर्व्हचे कान लाल झाले. दोरीमागं हशा पिकला. त्यानं कागद सरळ केला, फोडलेल्या अंड्याचं चित्र पाहिलं, "बलक चांगला आहे," असं गेल्या वर्षीचंच वाक्य म्हणाला, आणि पुन्हा सहाव्या अंड्यावर येऊन थांबला. एकदम ताठ झाला. त्याची पाठ इतकी सरळ झालेली गावानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"नोलीन पास्को," तो गरजला, "हे सहावं अंडं व्हिनेगरनं पुसलंय!"

रॉस हळूच दोन पावलं मागं सरकला.

"मर्व्ह, अहो ते कागदाचं आहे," जॅमवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"ते मला सांगू नका. कागद पुसलेला नाही, अंडं पुसलंय. हा डाग बघा. आणि ही चकाकी! हे कोंबडीच्या घरचं नाहीच, हे दुकानातलं आहे. माझ्या टेबलावर! इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर कुणी पुसलेलं अंडं..." आणि मर्व्ह मधेच थांबला. आपण काय बोलतोय हे त्याला तेव्हा ऐकू आलं असावं. त्यानं भिंग खाली घेतलं. कागदाकडे पाहिलं, नोलीनकडे पाहिलं. नोलीन गंभीर चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत होती, फक्त तिचे हात आनंदानं कापत होते. किंवा नेहमीसारखेच कापत असतील, पण रॉसला ते आनंदानं कापताहेत असं वाटलं.

"पहिला नंबर एनिड ओकडेन," मर्व्ह घसा खाकरून म्हणाला. "अंडी वाईट आहेत, पण प्रामाणिक आहेत. दुसरा नोलीन पास्को." त्यानं दुसऱ्या नंबरचं लाल कार्ड घेतलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: सहावं अंडं पुसलेलं. मग जॅमवाल्या बायकांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही बरण्या घेऊन आपल्या जागी जा. इथं अंडी मांडली आहेत, दिसत नाही का?"

चहाच्या तंबूत नोलीननं दोन स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव घेतले, मलईसकट. लाल कार्ड साखरेच्या भांड्याला टेकवून उभं केलं आणि खाताना पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत राहिली. एनिड आजी येऊन आपलं पहिल्या नंबरचं निळं कार्ड दाखवून गेल्या. दोघींनी एकमेकींच्या अंड्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मिस ट्रेंगोव्हच्या नव्या पिसांची चौकशी झाली. रॉस समोर बसला होता आणि त्याचा स्कोन तसाच होता.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"दारात पाऊल टाकलं तेव्हाच. घरभर व्हिनेगरचा वास, आणि मिस ट्रेंगोव्हचं अंडं तासाभरात गोरं झालेलं. शिवाय तुझ्या मिशीत बलक होता."

रॉसचा हात आपोआप मिशीकडे गेला. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

"अगं, पण तो डाग तरी चित्रात काढायचा नव्हतास! तुझ्याच हातात होतं. चार बटणं दाबली असतीस तर पहिला नंबर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिला!"

"समोर होता, म्हणून काढला," नोलीन म्हणाली आणि त्याचाही स्कोन आपल्या बशीत ओढला. "आणि काय रे, पहिला नंबर काय कुणालाही मिळतो. चित्राला व्हिनेगरचा वास आला म्हणून मर्व्ह गिलस्पी ओरडला, असं कुणाच्या बाबतीत झालंय सांग बरं?"

बाहेर लाकूडतोड्यांची शर्यत सुरू झाली होती. कुऱ्हाडींचे आवाज आणि लोकांचा गलका तंबूत येत होता. नोलीन जॅम लावत होती, हात कापत होता, जॅम थोडा टेबलावर सांडत होता, आणि तिला त्याचं काही नव्हतं. तिच्याकडे बघता बघता रॉसच्याही छातीवरचं ओझं हळूहळू उतरलं. पुढच्या वर्षी खरी अंडी आली तरी नोलीनचा कागद त्या टेबलावर असणार, हे आता ठरल्यासारखंच होतं.

"बरं," तो खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "झालं ते झालं. पण पुढच्या वर्षी निळं कार्ड आणायचंच. त्यासाठी मी काय करू ते आत्ताच सांग. शेड बांधून देऊ? नवी कोंबडी आणू? खिडकीला चांगला पडदा? तू फक्त सांग, नोलीन."

नोलीननं बोटावरचा जॅम चाटला.

"येताना घरून खाऊन ये."